नाव ठेवण्याआधी

बारावीनंतर थोरलीचा बी.ए.चा प्रवेश अर्ज भरायला घेतला, तेव्हा विषयांच्या रकान्यात तिने उर्दू आणि इतिहासाच्या जोडीला मानसशास्त्र लिहिलं. तिच्या दादींनी चष्मा पुसत विचारलं, "ये कायका इल्म है बेटा?" लेक म्हणाली, "नफ्सियात, दादी." दादींचं समाधान झालं. नफ्स म्हटल्यावर त्यांना पुढचं काही समजावून सांगायची गरज नव्हती. पण आमच्या धाकट्या दिरांनी लगेच आपलं भाषांतर पुढे केलं, "म्हणजे वेड्यांचं शास्त्र." आणि ज्या वाक्याची आम्ही वाट पाहत होतो तेही आलंच, "समोरच्याच्या मनातलं ओळखणारी पोरगी कोणती सासू घरात घेईल?"

सगळे हसले, आम्हीही हसलो. खरं सांगायचं तर या विषयाबद्दल आम्हालाही फारसं सांगता आलं नसतं. बी.एड.ला आम्हाला शैक्षणिक मानसशास्त्राचा पेपर होता. गाइड वाचून तो आम्ही चांगल्या मार्कांनी सोडवला. आज त्यातलं आठवतं ते इतकंच, पावलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकचं मांजर आणि कोहलरचा चिंपांझी. त्या चिंपांझीचं नाव सुलतान होतं, म्हणून तो जरा जास्त लक्षात राहिला. जनावरं आठवतात, पण त्यांच्यावरून वर्गातल्या मुलांबद्दल काय शिकायचं होतं, ते विसरून वीस वर्षं झाली. म्हणून आम्ही ठरवलं, लेकीच्या पहिल्या वर्षाला आपणही बसायचं. फी नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही. लेक जालन्याला वसतिगृहात राहते. शनिवारी एस.टी.ने घरी आली की रात्री इशानंतर दस्तरखान उचलायचं आणि त्याच जागी तिचं 'सामान्य मानसशास्त्रा'चं पुस्तक उघडायचं, असा शिरस्ता पडला.

आम्ही राहतो ते जांब समर्थ, घनसावंगी तालुक्यातलं. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव. १६०८ साली नारायण सूर्याजी ठोसर इथे जन्मले. रामनवमीला गाव माणसांनी फुलून जातं. मनालाच समोर बसवून त्यांनी २०५ श्लोक सांगितले, ते 'मनाचे श्लोक' शाळेतली मुलं पाठ म्हणतात. आमच्या घरात नफ्सला ओळखा, त्याला लगाम घाला, हे लहानपणापासून ऐकवलं जातं. म्हणजे मनाशी बोलायची सवय गावालाही आहे आणि घरालाही. मग कॉलेजातलं मानसशास्त्र वेगळं काय शिकवणार? लेकीने हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात तिच्या मॅडमना विचारला. त्या म्हणाल्या, "संत आणि बुजुर्ग लोक मन कसं असावं ते सांगतात. आपण इथे मन कसं चालतं ते तपासून बघतो. दोन्ही हवं. फक्त दोन्हींची गल्लत करू नका."

पहिल्या प्रकरणाने लेकीची थोडी निराशाच केली. मनातलं ओळखायची युक्ती त्यात कुठेच नव्हती. होत्या त्या अभ्यासाच्या पद्धती, म्हणजे निरीक्षण, प्रयोग, सर्वेक्षण, व्यक्ती-अभ्यास. १८७९ साली जर्मनीतल्या लाइपझिग शहरात विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हापासून हे स्वतंत्र शास्त्र मानतात. आपल्या देशात १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात त्याचा विभाग निघाला. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची कसोटी तयार केली होती. तिचा हेतू होता शाळेत ज्या मुलांना जास्त मदत लागते ती वेळीच शोधण्याचा. तीच कसोटी आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली आलं. मदत शोधायला काढलेली ही मोजपट्टी पुढे 'हुशार' आणि 'मठ्ठ' असे शिक्के मारायलाही वापरली गेली. हे वाचताना आम्ही जरा चुळबुळलो. आमच्याकडे तर मोजपट्टीही नव्हती आणि शिक्के मात्र रोज मारत होतो.

या विषयाला प्रात्यक्षिकं असतात, हे आम्हाला नवीनच होतं. विज्ञानाच्या मुलींसारखी लेकीला जर्नल लिहावी लागायची. कॉलेजात केलेला प्रयोग ती शनिवारी घरी पुन्हा करायची आणि आम्ही सगळे तिचे प्रयुक्त. प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो.

एकदा तिने कागदावर दोन सारख्या रेघा काढल्या. एकीच्या टोकांना बाण आत वळवलेले, दुसरीच्या टोकांना बाहेर. दादींना विचारलं, लांब कोणती? त्यांनी बाहेरच्या बाणांची दाखवली. पट्टी लावून दोन्ही सारख्याच निघाल्या. दादींनी पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "सारखी है, मान्या. पन दिखती तो लंबीच." म्युलर-लायर यांनी १८८९ साली मांडलेला हा भ्रम. रेघा सारख्या आहेत हे कळल्यावरही डोळ्याला त्या सारख्या दिसत नाहीत. पट्टी हाताशी ठेवावीच लागते. दादींचं ते वाक्य लेकीने जर्नलमध्ये निरीक्षण म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

स्मरणाच्या प्रकरणात हर्मान एबिंगहाऊस भेटले. अर्थ नसलेले शेकडो शब्दांश स्वतःच पाठ करायचे, किती दिवसांत किती विसरतो ते मोजायचं, असं वर्षानुवर्षं करून त्यांनी १८८५ साली पुस्तक लिहिलं. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, पण थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर टिकतं, हे त्यातलं सार. आमचा भाचा हिफ्ज करतो. तो ऐकत बसला होता. म्हणाला, "मामी, हमारे मदरसे में ये रोज चलता." खरंच होतं. त्यांच्याकडे नवा धडा म्हणजे सबक, अलीकडे झालेलं ते सबक-पारा आणि जुनं ते आमोख्ता. तिन्हींची उजळणी रोज वेगळी. उस्तादांनी पिढ्यान्पिढ्या अनुभवाने जे बसवलं, ते एबिंगहाऊसनी आकड्यांत मांडलं. त्या दिवसापासून आम्ही वर्गात पाढ्यांची उजळणी अशीच तीन भागांत घेतो.

तिसरा प्रयोग मात्र आम्हाला महागात पडला. चांदणीची दुहेरी बाह्यरेषा काढलेला कागद टेबलावर ठेवायचा, मध्ये वही उभी करून हात झाकायचा आणि फक्त आरशात बघत दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. सोपं वाटतं. आमचा हात पहिल्याच कोपऱ्यावर अडकला. वर न्यायला जावं तर खाली येतो. लेक शेजारी घड्याळ लावून बसलेली आणि दीर म्हणाले, "वहिनी, पहिलीत बसवा स्वतःला." आम्हाला राग आला. पेन्सिल खाली ठेवली आणि त्या क्षणी आमच्या वर्गातला एक मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला.

तो चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेला, पाचवीला आमच्या मराठीच्या वर्गात आला. वही उजवीकडून उघडायचा. ओळ उजव्या समासापासून सुरू करायचा आणि मधेच अडखळायचा. काना आधी, अक्षर नंतर. आम्ही त्याला 'उलट्या' म्हणायला लागलो. प्रेमाने म्हणतो, असं आम्हाला वाटायचं. दोन आठवड्यांत सगळा वर्ग त्याला त्याच नावाने हाका मारू लागला आणि तो फळ्यासमोर यायचा बंद झाला. आम्ही स्वतः दोन्ही लिप्या शिकवतो. एक उजवीकडून चालते, दुसरी डावीकडून, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक? तरीही चार वर्षं एका वळणाने चाललेला हात दुसऱ्या वळणाला अडतो, ही साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. आरशासमोर पाच मिनिटं बसल्यावर आली. पुस्तकात याला अध्ययनाचं नकारात्मक संक्रमण म्हणतात, म्हणजे आधी शिकलेलं नव्या शिकण्याच्या आड येणं. सोमवारी आम्ही त्याच्या वहीच्या प्रत्येक पानावर डाव्या समासाला लाल पेनाने लहानसा बाण काढून दिला आणि हजेरी घेताना त्याचं पूर्ण नाव घेतलं. वर्गालाही सांगितलं की ते दुसरं नाव आमची चूक होती. महिनाभरात बाणाची गरज उरली नाही. 'उलट्या' हे नाव पुसायला मात्र दिवाळी उजाडली.

याच सुमारास पुस्तकात रॉबर्ट रोझेन्थल आणि लेनोर जेकबसन यांचा प्रयोग आला. अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं, ही मुलं यंदा झपाट्याने पुढे जातील. प्रत्यक्षात ती नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली होती. वर्षअखेरीस खालच्या वर्गांतल्या त्या मुलांचे बुद्धिमापनातले गुण इतरांपेक्षा जास्त वाढलेले दिसले. १९६८ साली त्यांचं पुस्तक आलं. हा परिणाम किती मोठा मानायचा यावर पुढे खूप वाद झाला. तो वाद मान्य करूनही शिक्षकाच्या मनात विचार यायचा तो येतोच. चांगल्या अपेक्षेने मूल पुढे सरकत असेल, तर वाईट नावाने ते किती मागे जात असेल?

इथवर वाचून वाटेल की आम्ही शहाणे झालो. तसं झालं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्हा मायलेकींना नवी खोड लागली. दादी रात्री कुलूप दोनदा ओढून बघतात, तर ओसीडी. काका आरशापुढे वेळ लावतात, तर आत्मप्रेमी व्यक्तिमत्त्व. शेजारचं पोर एका जागी बसत नाही, तर एडीएचडी. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना म्हणे प्रत्येक धड्यातला रोग आपल्याला झालाय असं वाटतं. मानसशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्याला तो घरच्यांना झालेला दिसतो. जुनी नावं ठेवायची सवय तशीच होती, फक्त नावं इंग्रजी झाली होती.

आणि मग आपांचं झालं. आपा म्हणजे आमच्या मोठ्या नणंद. यजमान वारल्यावर त्यांनी एकुलत्या एका मुलीला एकटीने वाढवलं. मुलीचं लग्न होऊन ती परभणीला गेली आणि आपा आमच्याकडे राहायला आल्या. पूर्वी या घरातल्या लग्नाकार्यात शंभर माणसांच्या रोट्यांवर देखरेख करणारी ही बाई. आता सकाळी उशिरापर्यंत पडून राहायच्या, दोन भांडी घासली की बसायच्या, विचारलं तर "दिल नई लगता" एवढंच. घरात प्रत्येकाकडे आपापलं उत्तर होतं. दादी म्हणत, लग्नात नजर लागली. त्यांनी पाणी दम करून आणलं, तावीज बांधला. लेकीचे अब्बा म्हणत, मुलीचा विरह आहे, होईल कमी. आम्ही काय म्हणत होतो, ते लिहायला लाज वाटते. माहेरी आल्यावर काम टाळायचं नाटक, असं आम्ही मनात आणि दोनदा तोंडानेही म्हणालो होतो.

जानेवारीतल्या एका शनिवारी रात्री, सगळे जेवायला बसलेले असताना लेक म्हणाली, "फुफी को डिप्रेशन है." आपांच्या हातातला घास तसाच राहिला. लेकीला वाटलं, आपण फुफीची बाजू घेतली. आपांना ऐकू आलं ते वेगळंच. वेड्यांचं शास्त्र शिकणारी भाची आपल्याला वेडी म्हणाली. त्या उठून गेल्या आणि पुढचे कितीतरी शनिवार लेक आली की त्या खोलीबाहेर आल्या नाहीत.

लेकीने रडत मॅडमना सांगितलं. मॅडमनी रागावून काही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "तू किती दिवस पाहिलंस?" लेक शनिवार-रविवारीच घरी असते. "काय काय पाहिलंस?" त्यालाही धड उत्तर नव्हतं. मग त्यांनी जे सांगितलं ते लेकीने जर्नलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी निदान करत नाही. उदासीनतेच्या विकाराचा विचार करतानाही डॉक्टर निदान दोन आठवडे लक्षणं सलग आहेत का ते विचारतात, आणि शरीराचा आजार नाही ना, हे आधी तपासतात. तुला करता येण्यासारखं एकच आहे, पाहणं आणि लिहिणं. अमुक आजार, तमुक स्वभाव असं लिहायचं नाही. काय घडलं ते लिहायचं. आणि त्या व्यक्तीला वाचून दाखवता येणार नाही, असं एक अक्षरही लिहायचं नाही.

लेक घरी नसते, म्हणून वही आम्ही धरली. एप्रिल सुरू झाला होता. पहिल्याच दिवशी आम्ही लिहिलं, "आज आळस केला", आणि खोडलं, कारण ते वाचून दाखवता आलं नसतं. मग लिहिलं, "रात्री नऊला झोपल्या. फजरला उठल्या, नमाज पढून पुन्हा झोपल्या, साडेनऊला उठल्या." आठवडा झाल्यावर धीर करून आपांसमोर बसलो आणि सांगितलं की आम्ही हे लिहितोय, चालेल का? नको असेल तर फाडून टाकतो. त्या म्हणाल्या, "पढ़ो." आम्ही वाचलं. अर्धी भाकरी. दुपारी बारा वाजता अंगावर शाल. कंगव्यात केसांचा पुंजका. जिना चढून आल्यावर दहा मिनिटं बसल्या. मुलीचा फोन आला तेव्हा हसल्या. आपा शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ये भी लिखो. आवाज बैठी है मेरी, दो महिने से. और पेट साफ नई होता." इतक्या महिन्यांत स्वतःबद्दल त्या पहिल्यांदाच इतकं बोलल्या होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही सगळे सांगण्यात गुंतलो होतो.

तीन आठवड्यांची वही घेऊन आम्ही त्यांना जालन्याला डॉक्टरांकडे नेलं. निघण्यापूर्वी मशिदीतले मौलाना साहेब दादींना म्हणाले होते, "दुआ जारी रखिए, दवाखाने भी ले जाइए," त्यामुळे घरातून विरोध झाला नाही. डॉक्टरांनी वही पानन् पान वाचली. एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "एप्रिलमध्ये, भर दुपारी शाल?" आम्ही ती ओळ केवळ दिसलं म्हणून लिहिली होती. जालन्याच्या उन्हाळ्यात माणसं ओला पंचा डोक्यावर घेऊन फिरतात आणि ही बाई शाल पांघरून बसते, याचं आम्हाला नवल वाटलं होतं, अर्थ कळला नव्हता. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. थायरॉइड ग्रंथी फारच मंद चालत होती. थकवा, झोप, थंडी वाजणं, बसलेला आवाज, केस गळणं आणि मन उदास होणं, हे सगळं त्यात येऊ शकतं, असं त्यांनी समजावलं. सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक गोळी सुरू झाली.

नजर, विरह, नाटक आणि डिप्रेशन ही चारही नावं आम्ही ठेवली होती आणि चारांपैकी कुणीही शालीकडे पाहिलं नव्हतं. लग्नानंतर सुरू झालं म्हणून लग्नामुळे झालं, असं सगळ्यांनी धरलं. दोन गोष्टी पाठोपाठ आल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे पहिल्याच प्रकरणात छापलेलं होतं. आम्ही त्याखाली पेन्सिलीने रेघही मारली होती.

गोष्ट इथे गोड करून संपवणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, गोळीचं प्रमाण ठरलं. आपांच्या अंगात हळूहळू ताकद आली, आवाज सुटला. आणि ताकद आल्यावर त्या रडल्या. मुलगी गेल्यावरचं रिकामं घर, यजमानांची आठवण, भावाच्या घरी ओझं झाल्याची भावना, हे सगळं होतंच. लेकीचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं, अब्बांचंही नव्हतं. डॉक्टरांनी पुढच्या खेपेला मनाबद्दलही सावकाश विचारलं आणि मन हलकं करायला समुपदेशकांकडे दोन-तीनदा पाठवलं. शरीर आणि मन एकमेकांना दुखवतात आणि सावरतातही. लेकीला सांगताना आम्हाला अबू झैद अल-बल्खी आठवले. इसवी सन ८५० ते ९३४ हा त्यांचा काळ. शरीर आणि नफ्स या दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी एकच ग्रंथ लिहिला आणि शरीराच्या वैद्याने मनाकडे दुर्लक्ष करू नये, असं त्यात मांडलं. लेकीने ते नाव जर्नलच्या शेवटच्या पानावर टिपून घेतलं.

या वर्षाने आम्हाला दिलेली शिकवण एवढीच. नाव ठेवण्याआधी पाहावं, पाहताना लिहावं आणि लिहिलेलं त्या माणसाला विचारावं. यात मोठं शास्त्र नाही, पण सवय नसेल तर फार जड जातं.

मुलींना हा विषय घ्यायचा असेल तर काही गोष्टी सांगून ठेवतो. राज्य मंडळाच्या कला शाखेत अकरावी-बारावीलाही मानसशास्त्र घेता येतं आणि त्याचं पाठ्यपुस्तक मराठीत आहे. पण बी.ए.चं पहिलं वर्ष झालं म्हणून कुणी समुपदेशक होत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्यासाठी पुढचं ठरावीक शिक्षण घेऊन भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी करावी लागते. मनोविकारतज्ज्ञ हे आधी एम.बी.बी.एस. डॉक्टर असतात. घरबसल्या पदवी घेण्याचा विचार असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ सालच्या सत्रापासून दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे नवे प्रवेश थांबवले आहेत, हे आधी लक्षात घ्या. आपल्याकडे कितीतरी मुली घरूनच पदवी करतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. आणि घरात कुणाचं मन सलग दोन आठवडे बुडालेलं दिसत असेल, जगणं नको असं कुणी बोलत असेल, तर वही लिहीत बसू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.

दिरांचं 'वेड्यांचं शास्त्र' अजून पूर्ण थांबलेलं नाही. पण मागच्या महिन्यात कंबर धरून ते स्वतःच लेकीपाशी आले आणि म्हणाले, "माझीही एक वही काढ." ती म्हणाली, "काका, आधी आठ तास खुर्चीत कसे बसता ते पाहू दे."

यंदाच्या रमजानमध्ये गोळी कधी घ्यायची, हे आपांनी स्वतः जाऊन डॉक्टरांना विचारलं आणि वेळ बदलून घेतली. ईदनंतर एका दुपारी त्या आमच्या वहीकडे बघून म्हणाल्या, "अब मेरा क्या लिखते?" आम्ही म्हटलं, "आता काही नाही." त्यांनी वही ओढून घेतली, उजवीकडून उघडली आणि उर्दूत आमच्याबद्दल पहिली ओळ लिहिली. आम्हाला वाचूनही दाखवली. "सबको बिठाके खिलाती. खुद खड़े खड़े खाती."

आम्ही नाही म्हणायला तोंड उघडलं. हातात ताट होतं आणि आम्ही उभ्याच होतो.